एसएसडी टाकल्यापासून दर सोमवारी निळा स्क्रीन: २०१०च्या लॅपटॉपचा घोळ आणि उपाय

लक्षण असं. २०१० सालचा लॅपटॉप. त्यात नवी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क), वाढवलेली रॅम आणि नव्याने टाकलेली विंडोज ७. आठवडाभर मशीन गुण्यागोविंदाने चालतं. सोमवारी सकाळी बटण दाबलं की विंडोजचा लोगो जेमतेम दिसतो, निळा पडदा चमकून जातो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मग पुन्हा लोगो, पुन्हा निळा. सुरुवातीला एफ८ दाबून येणाऱ्या यादीत 'आपोआप रिस्टार्ट करू नको' असा पर्याय आहे. तो निवडला की पडदा थांबतो आणि स्टॉप कोड वाचता येतो. आमच्या कोडच्या शेवटी ७बी होतं. म्हणजे विंडोज ज्या डिस्कवरून उठतेय, ती डिस्कच तिला मध्येच दिसेनाशी होते.

घाईत असाल तर एवढंच करा: बायोस (विंडोज सुरू होण्याआधीचा, मशीनच्या मूळ सेटिंगचा पडदा) उघडा आणि तारीख बघा. तारीख दहा-पंधरा वर्षं मागे गेली असेल तर एसएसडीला शिव्या देणं थांबवा आणि सरळ खाली मदरबोर्डवरचा सेल बदलण्याबद्दल लिहिलंय तिथे जा. मला हे कळायला चार सोमवार, एक फुकट बदलून घेतलेली एसएसडी आणि पुणे-कराड एसटीच्या बऱ्याच फेऱ्या लागल्या.

हे मशीन टाकून का देत नाही

मामांचं कराडात डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेच्या छोट्या सूचना, अधूनमधून एखाद्या मंडळाची अहवाल पुस्तिका. सगळ्या जुन्या फायली पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, अक्षरं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टची. त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबीत खोचायचं डोंगल (परवान्याची किल्लीच म्हणा) लागतं आणि डोंगलचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्या उपकरणाशी बोलायला लावणारा भाग, ३२ बिटचा आहे. नव्या लॅपटॉपवर येते विंडोज ११, आणि ती ३२ बिटमध्ये मिळतच नाही. ६४ बिटच्या विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्राम चालतो, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. तेव्हा "मामा, नवीन घ्या ना" हे बोलणं तिथेच संपतं.

विंडोज ७ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाली, त्यामुळे या मशीनला इंटरनेट जोडायचं नाही असा आमच्यात करार आहे. गिऱ्हाईकाचा मजकूर फोनवर येतो, फाइल पेनड्राइव्हने जाते. ही इंटरनेट नसल्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मशीन म्हणजे कोअर आय३ ३७०एम, एचएम५५ चिपसेट, २ जीबी डीडीआर३ रॅम, ३२० जीबीची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. त्या काळात स्वस्तात पडायचा म्हणून डॉसवाला, म्हणजे विंडोजशिवाय येणारा, लॅपटॉप घेतला होता आणि विंडोज दुकानदाराने त्यात घालून दिली होती. हेही लक्षात ठेवा. मूळ बॅटरी केव्हाच मेलीय. अॅडॉप्टर काढला की मशीन बंद.

आधी रॅमने खाल्लेले दोन दिवस

मुख्य भानगडीशी याचा संबंध नाही, पण या पिढीचा लॅपटॉप उघडणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे ठेचकाळतो, म्हणून सविस्तर लिहिते.

दुकानात जाऊन "डीडीआर३, लॅपटॉपची, ४ जीबी" म्हटलं. पाकिटावर सगळं बरोबर होतं. खाच जुळली, पट्टी क्लिपांत नीट बसली. बटण दाबलं तर पंखा फिरतोय, दिवा लागलाय आणि स्क्रीन काळा. जुनी २ जीबीची पट्टी लावली की सुरू. दुकानदाराने कुरकुर न करता दुसरी पट्टी दिली, तीही तशीच. त्याच्या मशीनवर मात्र दोन्ही पट्ट्या झकास चालत होत्या.

दोष पट्टीत नव्हता, तिच्यावरच्या चिपांच्या जातीत होता. ४ जीबीची पट्टी दोन तऱ्हांनी बनते. एक म्हणजे २ गिगाबिटच्या सोळा चिपा, दोन्ही बाजूंना आठ-आठ. दुसरी म्हणजे ४ गिगाबिटच्या फक्त आठ चिपा. दोन्हींचा हिशेब ४ जीबीच होतो. पण पहिल्या पिढीच्या कोअर आय प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपा ओळखतो. त्याला आठ चिपांची पट्टी दिली की तो काहीच बोलत नाही, बीपसुद्धा नाही. आणि आता दुकानांत सहज मिळते ती ही आठ चिपांचीच.

म्हणून या पिढीसाठी ४ जीबीची पट्टी घेताना स्टिकरवर '२आर×८' लिहिलेलं बघा. '१आर×८' असेल तर परत ठेवा. स्टिकर फाटलेला असेल तर चिपा मोजा, सोळा भरल्या पाहिजेत. (हा नियम ४ जीबीचा आहे. २ जीबीच्या पट्टीवर आठ चिपा असल्या तर त्या २ गिगाबिटच्या असतात, चालतात.) वेग १०६६ आहे की १३३३, याची चिंता नको. १३३३ची पट्टी या प्रोसेसरवर निमूटपणे १०६६ने चालते. जुन्या लॅपटॉपांतून काढलेल्या पट्ट्या विकणाऱ्यांकडे सोळा चिपांची पट्टी हमखास सापडते. मला तिथेच मिळाली, नव्या पट्टीच्या अर्ध्या पैशांत.

आता माझा मूर्खपणा. विंडोज ३२ बिटची. तिला ४ जीबीच्या पलीकडची रॅम दिसत नाही, आणि त्या ४ मधलीही बरीच जागा ग्राफिक्स आणि इतर उपकरणांना जाते. २ अधिक ४ मिळून ६ जीबी टाकल्यावर विंडोजने 'वापरण्याजोगी' म्हणून ३ जीबीच्या आसपास दाखवली. जुनीच्या जोडीला आणखी एक २ जीबीची पट्टी घेतली असती तरी हेच झालं असतं. दोन दिवस ज्या पट्टीसाठी दुकानात वाद घातला, तिच्यातली बरीच जागा आज रिकामी पडून आहे.

एसएसडीचं काम मात्र सरळ

अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याचा नेहमीचा प्रकार) एसएसडी जुन्या डिस्कच्या जागी बसते. नवी ७ मिलिमीटर जाड, जुनी साडेनऊ. फ्रेममध्ये हलत असेल तर सोबत येणारी प्लॅस्टिकची चौकट चिकटवा. या चिपसेटचा साटा सेकंदाला ३ गिगाबिटचा, म्हणजे सेकंदाला ५००-५५० एमबीचे जे आकडे खोक्यावर असतात त्यांच्या निम्म्याच्या आसपासच मिळतात. काही बिघडत नाही. जुन्या मशीनला जिवंत करतो तो सलग वाचण्याचा वेग नव्हे, तर बारीकसारीक शेकडो फायली इकडून तिकडून उचलण्याचा. तिथे फिरती डिस्क आणि एसएसडी यांची तुलनाच नाही. पेजमेकर उघडून फॉन्टची यादी येईपर्यंत मामा पूर्वी चहा सांगायचे. आता चहावाल्याला हाक मारेपर्यंत यादी समोर असते.

विंडोज टाकण्याआधी मी बायोसमध्ये एक बदल केला. साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, जुनी 'आयडीई' होती, ती नवी 'एएचसीआय' केली. एसएसडीसाठी हेच योग्य, सगळे हेच सांगतात, मीही दुसऱ्यांना हेच सांगते. मग विंडोज टाकली, डोंगल लावलं, दोन पत्रिका छापून बघितल्या आणि पुण्याला परतले.

सोमवार

पहिल्या सोमवारी साडेनऊला फोन.

"अगं, निळं झालंय सगळं. आणि सारखं बंद-चालू होतंय."

मी बुधवारी रजा टाकून गेले. बायोसमध्ये साटा मोड पुन्हा आयडीई दिसला. आधी मला माझीच शंका आली, की सेव्ह न करता बाहेर पडले असेन. पण विंडोज एएचसीआयवर टाकलेली होती, म्हणजे सेव्ह तर झालंच होतं. मग शंका मामांच्या नातवावर गेली. पोरगं कीबोर्ड बडवतं, एफ२ दाबलं असेल. मोड पुन्हा एएचसीआय केला, विंडोज उठली, मी परत.

दुसऱ्या सोमवारी तेच. नातू त्या आठवड्यात आजोळी नव्हताच.

आता मी एसएसडीच्या मागे लागले. तिची आरोग्य माहिती वाचली, सगळं स्वच्छ. तरी दुकानदाराला गळ घालून ती बदलून घेतली आणि विंडोज पुन्हा टाकली. साटाचा कनेक्टर स्पिरिटने पुसला. रॅम कुठेतरी चुकतेय की काय म्हणून मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही चूक नाही. रात्रीच्या जेवणाला मामी म्हणाल्या, "त्यापेक्षा जुनी डिस्कच बरी होती, हळू होती पण रुसत नव्हती." वर्मावर बोट होतं ते, पण मला तेव्हा ते टोमण्यासारखं लागलं.

तिसऱ्या सोमवारी तेच.

इथे मला एक धागा मिळाला होता आणि मी तो सोडून दिला. मधल्या आठवड्यात मामा फोनवर म्हणाले होते, "पत्रिकेच्या फायली शोधायला त्रास होतोय. नवीन केलेली यादीत एकदम तळाला जातीय." मी म्हटलं, वर्गवारी बदला, 'नावानुसार' करा. तारखेनुसार लावलेल्या यादीत नवी फाइल तळाला का जावी, हा प्रश्न मला पडला नाही. बायोस उघडल्यावर पहिल्याच पानावर तारीख असते. दर खेपेला मी ते पान ओलांडून थेट साटाच्या पानावर जात होते.

चौथ्या सोमवारी मी मुद्दाम तिथेच होते. रविवारी दुकान बंद असतं. शनिवारी रात्री मामा शटर ओढण्याआधी मीटरजवळचा मेन स्विच पाडतात, तो सोमवारी सकाळी वर करतात. त्यांनी स्विच वर केला, देवाला उदबत्ती दाखवली, लॅपटॉपचं बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत दोन ओळी आल्या: तारीख-वेळ लावलेली नाही, पुढे जायला एफ१ दाबा. त्या ओळी मी वाचून होण्याआधी मामांनी न बघताच एफ१ दाबलं होतं. मागे भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला, गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांत एक चिठ्ठी: 'सोमवार – एफ१'.

"मामा, हे काय?"

"ते व्हय? ते दर सोमवारी येतंच. दोन वर्षं झाली. एफ-वन दाबायचं, मग खाली कोपऱ्यात तारीख लावायची. आता तू सगळं नवीन करून दिलंस म्हणून मी तारखेला हात लावला नाही."

नेमकं काय होत होतं

लॅपटॉपमधलं घड्याळ आणि बायोसच्या सेटिंगची इवलीशी मेमरी यांना सतत वीज लागते. अॅडॉप्टर जोडलेला असेल किंवा बॅटरीत जीव असेल तर मशीन बंद असतानाही ती वीज तिथून मिळते. दोन्ही नसतील तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल ती पुरवतो. मामांची बॅटरी मेलेली, सेलही मेलेला. रोज रात्री अॅडॉप्टर प्लगमध्येच असायचा, म्हणून सोमवार संध्याकाळ ते शनिवार काही बिघडत नव्हतं. शनिवारी मेन स्विच खाली आला की दीड दिवसात सगळं पुसलं जायचं आणि बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर जायचं. त्या मूळ सेटिंगमध्ये साटा मोड आयडीई.

जुनी विंडोज दुकानदाराने काहीही न बदलता टाकली होती, म्हणजे आयडीईवरच. सेटिंग तेव्हाही दर शनिवारी उडत होती. पण उडून पुन्हा त्याच जागी येत होती, त्यामुळे तारखेखेरीज काही कळत नव्हतं. मी मोड बदलला आणि त्या दिवसापासून उडालेली सेटिंग आणि विंडोजची अपेक्षा यांचा मेळ बसेना. विंडोज ७ टाकताना ज्या मोडचा ड्रायव्हर लागतो तेवढाच सुरुवातीला उठतो, दुसरा झोपवून ठेवलेला असतो. म्हणून ७बी. इंटरनेट असतं तर तारीख चुकलीय हे ब्राउझरच्या तक्रारींवरून तरी लवकर कळलं असतं. इथे तेही नव्हतं.

(प्रत्येक मशीनमध्ये असं होईलच असं नाही. काहींत सेटिंग वीज नसतानाही न पुसणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये राहतात आणि सेल मेल्यावर फक्त घड्याळ जातं. तिथे हा निळा पडदा येणार नाही.)

सेल बदलताना

अॅडॉप्टर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा. सेल काही मशीनमध्ये रॅमच्या झाकणाखालीच असतो. आमचा कीबोर्डखाली, वायफाय कार्डाच्या शेजारी निघाला. कीबोर्डची पट्टी-केबल ओढू नका. तिच्या कनेक्टरवरचा बारीक खटका नखाने उचला, मग ती आपोआप सुटते. इथे घाई केली तर चाळीस रुपयांच्या सेलपायी कीबोर्ड घ्यावा लागेल.

आमच्यात सीआर२०३२ होता, काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, लाल आणि काळी वायर असलेला. मल्टिमीटरवर १.७ व्होल्ट. नवा सेल ३ व्होल्टच्या वर दाखवतो, मी आणलेला ३.२ होता. वायर आणि कनेक्टरसकट तयार सेल पुण्यात तपकीर गल्लीत मिळाला. घेताना जुना सोबत न्या आणि कनेक्टरमध्ये लाल वायर कोणत्या बाजूला आहे ते जुळवून बघा, कारण दिसायला सारखे पण उलटे जोडलेले सेल बाजारात आहेत. साधा सेल आणून त्यावर घरी वायर डाखू नका, सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल फुगू शकतो. आणि जुन्या सेलवर 'सीआर'ऐवजी 'एमएल' लिहिलेलं असेल तर तो चार्ज होणारा प्रकार आहे. त्या जागी सीआर लावायचा नाही, मशीन त्यालाही चार्ज करायला जाईल आणि तो गळेल किंवा फुटेल.

सेल लावल्यावर बायोसमध्ये तारीख-वेळ, साटा मोड आणि बूटचा क्रम लावा, एफ१०ने सेव्ह करा. मग सोमवारची वाट बघू नका. अॅडॉप्टर काढून मशीन रात्रभर तसंच ठेवा, सकाळी बायोस उघडा. तारीख बरोबर असेल तर काम झालं.

सेलपर्यंत पोहोचणं जमत नसेल तर तात्पुरता उपाय आहे. विंडोज सुरू असताना रजिस्ट्री एडिटर उघडा, आधी बॅकअप काढा. सिस्टिमखाली करंट कंट्रोल सेट, त्याखाली सर्व्हिसेस. तिथे एमएसएएचसीआय, पीसीआयआयडीई आणि इंटेलआयडीई या तिन्हींत 'स्टार्ट' नावाची किंमत असते. जिथे ३ आहे तिथे ० करा. मग दोन्ही मोडचे ड्रायव्हर सुरुवातीलाच उठतात आणि बायोस कुठेही उडालं तरी विंडोज चालू होते. तारीख मात्र हातानेच लावावी लागेल. हे विंडोज ७साठी आहे. विंडोज १०मध्ये मोड बदलल्यावर एकदा सेफ मोडमध्ये सुरू केलं की ती स्वतःच जुळवून घेते.

बायोसमधली तारीख बरोबर आहे आणि तरी ७बी येतोय, असं असेल तर तुमचं दुखणं वेगळं. साटा मोड बघा, कुणीतरी 'लोड डिफॉल्ट्स' (मूळ सेटिंग परत आणणं) केलेलं असू शकतं. बायोसच्या यादीत एसएसडीचं नावच दिसत नसेल, तेव्हा मात्र कनेक्टर आणि एसएसडीकडे वळा.

आणि खरं सांगायचं तर मी मोड आयडीईवरच राहू दिला असता तरी पत्रिका छापताना मामांना फरक जाणवला नसता.

सेल बदलून सात सोमवार झाले, निळा पडदा नाही. चिठ्ठी मामांनी काढलेली नाही. त्या चार आठवड्यांत केलेल्या अकरा पत्रिकांवर अजून जानेवारी २०१०च्या तारखा आहेत; त्यातल्या एका घरी परवा बारशाचं कार्ड लागलं, तर मामा अर्धा तास यादीच्या वरच्या टोकाला लग्नाची फाइल शोधत होते.